पंधरातला एक दिवस

आमची गल्ली वर्षातून किती दिवस अडवायची, याचा सौदा मी स्वतः केला होता. पुढे कित्येक वर्षं मी तो सौदा लोकांना फुशारकीने सांगत असे. सांगताना एक भाग गाळत असे. तो इथे लिहितो.

डिलाईल रोडच्या आत एक गल्ली आहे. एका बाजूला आमची चाळ, समोर दुसरी. आमच्या चाळीत बहुतेक कोकणातली, गिरणीत लागलेली माणसं. समोरच्या चाळीतही गिरणीतलीच माणसं, आणि त्यातलीही बरीच कोकणातली. गावी त्यांची वाडी वेगळी होती, इथे चाळ वेगळी. धर्मांतर झालं तेव्हा ती चाळ सगळी बौद्ध झाली. मधला रस्ता वीस पावलांचा. त्याच्या पलीकडच्या कडेला, म्हणजे त्यांच्या दाराशी, माझ्या हातगाड्या उभ्या असत.

त्या गाड्या माझ्या कशा झाल्या ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मिसरूड फुटायच्या आत मी मुंबईला आलो आणि शिवडीच्या गोदामांतून रुईच्या गाठी गिरण्यांत पोचवायच्या कामाला लागलो. हातगाडीला दोन माणसं लागतात, एक पुढे, एक मागे. मी पुढची दांडी धरायचो आणि समोरच्या चाळीतला माझा जोडीदार मागून ढकलायचा. पुलाच्या चढावर खरं ओझं मागच्याच्या खांद्यावर येतं. पुढच्याचा फायदा एवढाच की गिरणीच्या फाटकाशी मुकादमाशी बोलायचं काम त्याचं. तिथेच मी घासाघीस शिकलो. सात वर्षं आम्ही एक गाडी ओढली. मग मी स्वतःची गाडी घेतली, मग दुसरी, मग आठ. जोडीदार गिरणीत लागला. माझ्या पहिल्या गाडीपासून तो मला ‘शेठ’ म्हणायला लागला, आणि त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती ते मी कधी विचारलं नाही.

आम्ही दोघं ओढत होतो तेव्हाची एक गोष्ट मी सभांतून नेहमी सांगायचो. गिरगावात एका दुकानाचा माल उतरवायला आम्ही गाडी उभी केली होती. रस्त्यावर कसलासा उत्सव, कमान घातलेली, आणि कमानीखाली एका शेठची मोटार सकाळपासून उभी. शिपायाने मोटारीला सलाम ठोकला आणि आमची गाडी उचलून नेली. गाडी सोडवायला चार दिवस खेपा घातल्या. रस्ता सगळ्यांचा असतो असं पाटीवर लिहितात, पण तो मोटारवाल्याचा असतो, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते अजून गेलेलं नाही. सभेत मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा शेवटी म्हणायचो, “आणि वर माझ्या कानफटात मारली.” टाळ्या पडायच्या. कानफटात बसली होती ती जोडीदाराच्या. तो गाडीचं चाक सोडत नव्हता म्हणून. तो सभेला समोर बसलेला असायचा आणि टाळ्या वाजवायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमची गल्ली एक होती. मोर्च्यात दोन्ही चाळी एका रांगेत चालल्या, लाठ्याही दोन्ही चाळींनी खाल्ल्या. माझा आवाज मोठा, डोकं तापट, बोलणं रोखठोक. त्या लाटेत मी कॉर्पोरेशनवर निवडून आलो. तेव्हा आम्हाला नगरपिता म्हणत. हातगाडीवाल्याला नगरपिता म्हटलं की माझ्या बायकोला हसू यायचं.

निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं, तर वॉर्ड ऑफिसात जाऊन बसलो. आमच्या गल्लीत दोन भांडणं कायमची. एक, हातगाड्या रस्त्यात उभ्या राहतात म्हणून पोलीस उचलून नेतात. दुसरं, गणपतीचा मांडव रस्ता अडवतो म्हणून नोटीस येते. दोन्ही मी एका बैठकीत मिटवायला निघालो.

वॉर्ड ऑफिसर शिकलेला, शुद्ध बोलणारा माणूस. टेबलावर गल्लीचा नकाशा पसरून बसला होता.

“रस्ता वाहतुकीसाठी असतो,” तो म्हणाला. “उत्सवासाठी मैदानं आहेत.”

“मैदानात आमचा गणपती पोरका वाटेल साहेब. पंचवीस दिवस द्या.”

“सात.”

“सात दिवसांत बांबूवाला वासे सुद्धा आणून टाकत नाही.”

“नऊ. आणि आपण जरा हळू बोललात तरी मला ऐकू येतं.”

दुपारभर चाललं. मी दोनदा उठून गेलो, दोनदा त्यानेच शिपाई पाठवून परत बोलावलं. शेवटी ठरलं ते असं. वर्षाचे पंधरा दिवस रस्ता उत्सवासाठी. आगीचा बंब जाईल एवढी वाट कायम मोकळी. त्या पंधरा दिवसांत हातगाड्या शिवडीच्या एका मोकळ्या जागेत न्यायच्या. उरलेलं सगळं वर्ष समोरच्या चाळीला लागून हातगाड्यांचा तळ मंजूर, तशी पाटी लागेल, पोलीस हात लावणार नाही. आणि शेवटची अट त्याची.

“सोळावा दिवस मागायला आलात, तर पंधराही जातील.”

मी हात मिळवला. चाळीत आलो तेव्हा लोकांनी मला उचलून घेतलं. आमच्या मंडळाने पंधरा दिवस लगेच वाटून टाकले. गोकुळाष्टमीच्या हंडीला एक, मांडव घालायला दोन, गणपतीचे अकरा, आणि एक मांडव सोडायला. समोरच्या चाळीला कोणी विचारलं नाही. मांडव त्यांच्या दाराशी, गाड्या त्यांच्या दाराशी. हे मला तेव्हा दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं होतं. त्यांनी तक्रार केली नव्हती, आणि जो तक्रार करत नाही त्याच्याशी सौदा करायची मला सवय नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी जोडीदार आमच्या गॅलरीत आला. हातात घडी केलेला कागद.

“काय शेठ, नगराच्या कारभारातून वेळ आहे का?”

“बोल रे.”

“बुद्धजयंती रस्त्यावर करायची म्हणतोय आम्ही. पहिल्यांदाच. मागच्या वर्षी ज्याने त्याने घरात दिवा लावला. या वर्षी सगळ्यांनी मिळून. दुपारी चारपासून जेवायच्या वेळेपर्यंत, बस. भन्ते येणार आहेत. पोरांची गाणी बसवलीत. तुझ्या गाड्या एक दिवस हलव, आणि हा अर्ज वॉर्डात दे.”

अर्जाखाली दोन पानं भरून सह्या आणि अंगठे होते.

“दिवस शिल्लक नाही,” मी म्हणालो. “पंधरा ठरलेत, पंधरा भरलेत.”

“मोज.”

मी बोटांवर मोजले. हंडी एक, मांडव दोन, गणपती अकरा.

“चौदा झाले,” तो म्हणाला.

“एक मांडव सोडायला.”

तो हसला. “विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तुमची चाळ दुपारपर्यंत घोरत असते, शेठ. मांडव सोडतो कोण? उन्हं उतरली की आम्हीच येतो दोर सोडायला. तो तुमचा झोपेचा दिवस आहे. तो आम्हाला दे. मांडव विसर्जनाच्या दिवशीच, मिरवणूक निघाली की लगेच उतरवू. माझी माणसं उतरवतील.”

“तो दिवस भाद्रपदातला. तुला पाहिजे वैशाखात.”

“ठरवताना महिना लिहिलायस? का वर्षाचे पंधरा एवढंच लिहिलंयस?”

एवढंच लिहिलं होतं. गाडीच्या मागे राहून या माणसाने माझी सगळी घासाघीस ऐकून ठेवली होती आणि आता तीच माझ्यावर चालवत होता, तीही हसत. बोलायला जागा उरली नाही की मला राग येतो. तो आला.

“मतं मागायला आलो तेव्हा तुझी निम्मी चाळ कुठे होती?”

हे माझ्या मनात निवडणुकीपासून सलत होतं. त्यांच्या बाजूने मतं मी धरली होती तेवढी पडली नव्हती, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते आज आठवत नाही, खरं होतं की नाही ते तेव्हाही तपासलं नव्हतं.

त्याचं हसू गेलं. “माझ्या आईला खुर्चीत बसवून उचलून नेली मताला. चार जणांनी. तू बघत होतास.”

“तुझी आई म्हणजे चाळ नव्हे.”

“नसेल. पण तूच सभेत म्हणतोस ना, मुंबई मागतोय ती भीक नाही, हक्क आहे? मग आम्ही हे काय मागतोय?”

मी कागद घेतला. “देतो उद्या,” म्हणालो.

तो जिना उतरून गेला. मी अर्ज फडताळात वर्तमानपत्राखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी आला. तो धंद्याने शिंपी, बोलायला गोड. त्याच्या कानावर गेलं होतं.

“आपला काय विरोध नाही हो,” तो म्हणाला. “पण एकदा दिलेला दिवस परत मिळत नाही. आज एक, उद्या दोन म्हणतील. मग गणपती नऊ दिवसांत उरकायचा का? आणि हा सौदा तुम्ही केलात. तुमच्याच हातून कमी झाला, तर लोक काय म्हणतील?”

तो हे बोलला नसता तर मी अर्ज दिला असता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी मनात आधीच ठरवलं होतं. तो माझ्या मनातलं बोलला म्हणून मला आवडला, इतकंच.

अर्ज मी दिलाच नाही. आठ दिवसांनी जोडीदार नळावर भेटला, तेव्हा मी त्याला सांगितलं, “वॉर्ड ऑफिसर नाही म्हणतो. तिथे मंजूर तळ आहे. नियमाने तळ मोकळा करता येत नाही.”

“गणपतीत होतो तो?”

“ते पंधरातले. ते आधी ठरलेत.”

त्याने बादली उचलली. “नियम आहे तर आहे,” म्हणाला.

बायकोने मला नंतर सांगितलं की समोरच्या चाळीत माझ्यावरून भांडण झालं. पोरं म्हणत होती, नगरपित्यानेच अडवलं. तेव्हा जोडीदार त्यांच्यावर ओरडला की शेठ माझ्याबरोबर सात वर्षं गाडीला होता, तो असं करणार नाही, नियमच तसा आहे. हे ऐकल्यावर तरी मला उठून वॉर्डात जाता आलं असतं. जयंतीला अजून बारा दिवस होते.

त्याऐवजी मी जे केलं ते लिहायला हात जड होतो. रोज दुपारी चार वाजता माझ्या निम्म्याहून जास्त गाड्या बाहेर असत. जयंतीच्या दिवशी मी एकही गाडी बाहेर जाऊ दिली नाही. माणसांना सुट्टी दिली. आठच्या आठ गाड्या त्यांच्या दारासमोर ओळीने लावून ठेवल्या. तळ रिकामा दिसला असता तर माझं बोलणं खोटं पडलं असतं.

त्यांनी कार्यक्रम केला. चाळीची भिंत आणि माझ्या गाड्या यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरत होती, तिथे. भन्ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. पहिल्या दोन रांगांना ते दिसत होते, बाकीच्यांना आवाज ऐकू येत होता. पुरुष गाड्यांच्या मधल्या फटींतून उभे. बायका पांढरी लुगडी नेसून आल्या होत्या, त्या चाकांना टेकून बसल्या, दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. जोडीदाराच्या आईला दोन गाड्यांमध्ये स्टूल ठेवून बसवली होती. पोरं बघायला मिळावं म्हणून गाड्यांवर चढली, तर जोडीदाराने त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं. “उतरा. दुसऱ्याच्या गाड्या आहेत,” हे मला गॅलरीत स्पष्ट ऐकू आलं.

मी शेवटपर्यंत गॅलरीत उभा होतो. आत गेलो असतो तर पळालो असं दिसलं असतं, असं काहीतरी डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी नळावर त्यांची लुगडी धुणं चाललं होतं. चाकांच्या आसाला आम्ही जाड काळं वंगण भरतो. ते पांढऱ्या कापडाला लागलं की सोडा घाला, राख घाला, जात नाही. बायको नळावरून परत आली. पाणी उतरवताना माझ्याकडे न बघता तिने सगळं सांगितलं, कोणाकोणाच्या लुगड्याला कुठे कुठे डाग पडला ते. मग पोळपाट काढायला तिने फडताळ उघडलं, आणि वर्तमानपत्र सरकलं.

“ह्यो कागद अजून हयच कसो?”

मी तिच्यावर आरडलो. काय आरडलो ते आठवत नाही. ती शांतपणे कागद होता तिथे ठेवून म्हणाली, “माझ्यावर आरडान काय होतला?”

गणपती आले. आदल्या वर्षापासून आमच्याकडे एक रीत पडली होती. मांडव घालायच्या आदल्या दिवशी दोन्ही चाळींतली माणसं मिळून गाड्या शिवडीला नेत. पहिल्या गाडीची दांडी मी धरायची, मागे जोडीदार, जुन्या दिवसांची आठवण म्हणून. लोक हसत, शिट्ट्या मारत. त्या वर्षी तो येणार नाही हे मी धरून चाललो होतो. आला नाही तर काय सुनवायचं तेही तयार होतं: सणाच्या कामाला पाठ दाखवतोस, आणि स्वतःच्या सणाला रस्ता मागतोस. तो आला. मागे उभा राहिला. पुलाच्या चढावर गाडी नेहमीसारखी हलकी चालली. शिवडीपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही. तयार केलेलं बोलणं पोटात घेऊन परत आलो.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमची चाळ दुपारपर्यंत झोपली. मला झोप लागली नाही. रिकामा मांडव रस्त्यावर तसाच उभा होता.

पुढच्या वर्षी वैशाखाच्या आधी वॉर्ड ऑफिसरने मला बोलावलं. त्याच्यासमोर अर्ज होता, तसाच, सह्यांची पानं या वेळी तीन.

“आपल्या समोरच्या चाळीतले गृहस्थ स्वतः येऊन देऊन गेले,” तो म्हणाला. “त्यांचं म्हणणं, गेल्या वर्षीही अर्ज होता, आपल्यामार्फत. मी आवक रजिस्टर काढून दाखवलं त्यांना. नोंद नाही.”

“गहाळ झाला असेल.”

“असेल.” त्याने चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला. “सोळावा दिवस मी देणार नाही, ते आपलं ठरलंय. पंधरातला एक आपण सोडत असाल, तर माझी हरकत नाही. कोणता सोडता?”

“विसर्जनानंतरचा.”

“लिहून द्या.”

मी लिहून दिलं. दोन ओळी. शिपायाने आणलेला चहा निवायच्या आत सगळं झालं. गेल्या वर्षीही एवढंच करायचं होतं.

मंडळाच्या सभेत शिंप्याने तोंड उघडलं, तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली आणि माझ्या सगळ्या आवाजानिशी बोललो. एकाच रस्त्यावर राहतो, एकाच मोर्च्यात चाललो, एक दिवस देताना जीव जातो का, वगैरे. ठराव झाला. गेल्या वर्षी हा आवाज कुठे होता, असं एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जयंतीच्या दिवशी सकाळीच गाड्या शिवडीला पाठवल्या. रस्ता धुऊन काढला होता. सतरंज्या पसरल्या, लहानसं व्यासपीठ, त्यावर मूर्ती, दोन्ही बाजूंना निळे पडदे. मी तीन वाजताच गेलो. काय बोलायचं ते चार दिवस घोकत होतो. जोडीदार पांढरा सदरा घालून दोर बांधत होता. मला बघून खाली उतरला.

“तुला एक सांगायचंय,” मी म्हणालो.

“रजिस्टर बघितलंय मी,” तो म्हणाला. “तुम्ही बसा. पुढची खुर्ची तुमचीच आहे.”

त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हटलं.

“ऐकून तरी घे.”

“आज नको. तुम्ही सांगणार, मोकळे होणार, घरी जाणार. आणि मी दिवसभर ते घेऊन मांडवात फिरणार. तुमचं ओझं आज मी ढकलणार नाही. आज आमचा दिवस आहे.”

हे तो रागाने बोलला नाही. पाहुण्याला पाणी हवं का विचारावं, त्या आवाजात बोलला. मग मला खुर्चीपर्यंत नेलं, बसवलं, आणि दोर बांधायला परत गेला.

मी बसलो. रस्ता भरला. भन्ते व्यासपीठावरून बोलले, शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसत होते. बायकांची लुगडी पांढरी स्वच्छ होती. पोरांनी गाणी म्हटली. मी त्याच्या आईला शोधत होतो. शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, तर तिने वर बोट दाखवलं. म्हातारी त्या वर्षी अंथरुणाला खिळली होती. पलंग खिडकीशी ओढून तिला टेकवून बसवली होती. आदल्या वर्षी ती धरून धरून का होईना खाली उतरली होती, आणि दोन चाकांमध्ये बसली होती.

मला हार घातला. बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, माईकसमोर गेलो. मला दहा हजारांच्या सभेत शब्द कमी पडत नसत. तिथे मी म्हणालो, “तुम्ही बोलावलंत, आभारी आहे,” आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, आज नगरपित्यांचा घसा बसलाय.

आज नको, असं तो म्हणाला होता. उद्या नको असं म्हणाला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरवलं. सकाळी उठलो तेव्हा मनात दुसरंच उभं राहिलं: हा माणूस माझ्या डोक्यावरून वॉर्ड ऑफिसात गेला. सात वर्षांचा जोडीदार, आणि मला न सांगता रजिस्टर उघडायला लावलं. मला खोटा पाडला. त्या रागावर मी कित्येक महिने काढले. त्या रागात मला घरी बसायला बरं पडत होतं. लाज वाटली असती तर समोरची चाळ चढून जावं लागलं असतं.

मग राज्य मिळालं. मुंबईसह. त्या सकाळी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. तोरणं, ताशे, पेढे, दोन्ही चाळींच्या गॅलऱ्यांत दिवे. आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांनी भरली, माझ्या गाड्यांवर पोरं नाचत होती, आगीच्या बंबाला वाट नव्हती. त्या दिवसाची परवानगी कोणी काढली नव्हती आणि तो कितवा दिवस ते कोणी मोजलं नव्हतं. मी आमच्या दारात उभा राहून येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होतो. समोर त्यांच्या दारात जोडीदार तेच करत होता. गर्दी मध्ये जरा फाकली आणि आमची नजरानजर झाली. त्याने हात वर केला. मीही केला.

पेढ्यांची टोपली माझ्या हातात होती. वीस पावलं होती. आमच्या चाळीतले लोक बघत होते, शिंपी बाजूलाच उभा होता, आणि मी पाऊल उचलायच्या बेतात असताना कोणीतरी मला भाषणाला ओढून नेलं. ओढून नेलं असं मी लिहितो आहे. मी गेलो. चांगलं भाषण झालं. आपण सारे एक झालो, असं मी म्हणालो, आणि त्याच्या दाराकडे न बघता म्हणालो.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. त्यांच्या चाळीने पाडलं असं मी काही दिवस बोलत होतो.